मुंबईतली खोली : पैसा कुणाचा, पावती कुणाची?

(बचत गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातलं भाषण)



"मुंबईत एक खोली असावी." हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. पूर्वी सोयरीक जुळवताना पाहुणे जमिनीच्या आधी हेच विचारायचे, "मुलाची मुंबईला खोली आहे का?" आता तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं आपल्या बैठकीत येतो. कुणाचा मुलगा म्हणतो, "आई, अर्धा एकर काढून टाकू. तिकडं एक फ्लॅट घेऊ आणि भाड्यानं देऊ. भाडं घरबसल्या येत राहील." कुणाचे दीर म्हणतात, "गटातनं कर्ज काढ, भर मी घालतो."

त्या फ्लॅटचा हिशेब आज करायचा आहे. पण त्याआधी थोडं मागं जाऊ. मुंबईत भाड्याच्या खोलीत पैसा घालण्याचा खेळ दीडशे वर्षांहून जास्त जुना आहे. त्यात शेटसावकारांनी पैसा घातला, सरकारनं घातला, गिरणीतल्या कामगारानं घातला. आणि गावात राहून शेत करणाऱ्या बाईनंही घातला. पहिल्या तिघांची नावं कुठल्या ना कुठल्या कागदावर सापडतात. चौथीचं सापडत नाही. ते का, हे समजून घेतलं तर आजचा निर्णय सोपा होईल.

खोली हा धंदा कसा झाला

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५६ साली ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. पुढं १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा पूर आला. शेअर बाजारात लोकांनी डोळे मिटून पैसे लावले. १८६५ साली युद्ध संपलं आणि तो बाजार एका झटक्यात कोसळला. मोठमोठी घराणी बुडाली.

या दणक्यानंतरही एक गोष्ट जागेवर होती, ती म्हणजे जमीन. मुंबई हे बेट. तिन्ही बाजूंना समुद्र, जमीन वाढणार ती भराव घालूनच, आणि माणसं मात्र रोज उतरणार. गिरण्या वाढत गेल्या तसे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर अशा भागांतून लोक येत राहिले. ज्यांच्याकडं गिरगाव, परळ, लालबाग, भायखळ्याकडं जागा होती, त्यांनी चाळी उठवल्या. लांबलचक व्हरांडा, एकाला एक लागून दहा बाय बाराच्या खोल्या, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास. कमी जागेत, कमी खर्चात, जास्तीत जास्त भाडेकरू बसवायची ही रचना होती. खोलीत उजेड किती येतो यापेक्षा खोल्या किती निघतात याला महत्त्व होतं.

पुष्कळ मालक स्वतः भाडं गोळा करायला जात नसत. अख्खी चाळ ठरावीक रकमेला एका माणसाकडं सोपवून द्यायचे. तो त्याच्यावर आपला नफा चढवून खोल्या द्यायचा. त्यातला एखादा भाडेकरू पुन्हा आपल्या खोलीत चार-सहा पोटभाडेकरू ठेवायचा. म्हणजे मजल्यावर मजला चढावा तसा भाड्यावर भाडं चढायचं आणि सगळ्याचा भार सर्वांत खालच्या माणसावर यायचा. १९११ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईतली दहातली सात माणसं एका खोलीच्या घरात राहत होती.

१८९६ साली मांडवी भागात प्लेग निघाला. लाखो माणसं शहर सोडून गावी पळाली. दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करायला १८९८ मध्ये सरकारनं सुधारणा ट्रस्ट नेमला. त्यानं रस्ते रुंद केले, जुनी घरं पाडली. पण सुरुवातीच्या वर्षांत जितकी पाडली तितकी बांधली नाहीत. पाडलेल्या घरांतली माणसं शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली गर्दी व भाडं दोन्ही वाढलं. घरं कमी झाली की घरमालकाची कमाई वाढते, हे तेव्हापासून दिसत आलं आहे.

भाडं नेमकं कोण भरत होतं?

वरवर पाहिलं तर भाडं गिरणीतला कामगार भरत होता. पण मैत्रिणींनो, जरा खोलात जाऊ.

१९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. बाकीच्या कुठं होत्या? गावात. नांगरट, लावणी, बेणणी, गुरं, म्हातारी माणसं, पोरं हे सगळं सांभाळत. गिरणीचा पगार एका माणसाचं पोट आणि त्याच्या वाट्याचं भाडं भागेल एवढा. अख्खं कुटुंब मुंबईत ठेवायचं म्हटलं तर तो पुरला नसता. गावात भात, ज्वारी, नाचणी पिकत होती म्हणून तो पुरत होता. संप झाला, गिरणी बंद पडली, माणूस आजारी पडला की तो गावी यायचा आणि शेतावर जगायचा. पुन्हा बरे दिवस आले की परत जायचा.

म्हणजे मालकाला दर महिन्याला मिळणाऱ्या भाड्यात गावाकडच्या बाईच्या घामाचा वाटा होता. तिनं पिकवलं नसतं तर मनीऑर्डर मोठी पाठवावी लागली असती आणि भाड्याला पैसे उरले नसते. कुठल्या वहीत हा वाटा लिहिला गेला नाही, कारण तो रोकड नव्हता.

ज्या थोड्या बायका मुंबईत आल्या, त्यांनी त्याच दहा बाय बारात खानावळी चालवल्या. पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या, दहा-वीस माणसांची ताटं वाढायची. खोली म्हणजे घर, चूल आणि कारखाना एकत्र. कमाई तिची, पण भाडेपावती बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर.

सरकार घरमालक झालं तेव्हा

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, घरं कमी पडली, मालकांनी भाडी वाढवली. लोक हैराण झाले तेव्हा १९१८ साली सरकारनं भाड्यावर लगाम घालणारा कायदा आणला. दोन वर्षांनी, १९२० मध्ये, गव्हर्नर लॉइड यांच्या काळात सरकारनं स्वतःच घरं बांधायला घेतली. त्यासाठी नेमलेल्या खात्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्या चाळींना बीडीडी चाळी म्हणतात.

बेत होता ५०,००० खोल्यांचा. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी झाल्या. साधारण १६,५०० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फूट. सामान महाग असताना बांधल्यामुळं खर्च फार आला. खर्च भरून निघेल एवढं भाडं लावलं तर कामगाराला परवडेना, आणि कमी लावलं तर सरकारला तोटा. त्यात वरळी तेव्हा लांब, बाजार नाही, गिरणीला जायचं तर पायपीट. त्यामुळं शहरात माणसं जिन्याखाली झोपत असताना सुरुवातीची कित्येक वर्षं यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या.

भाड्यासाठी घर बांधणाऱ्यानं लक्षात ठेवावं असं यात काही आहे. भाड्याची कमाल मर्यादा भाडेकरूचा पगार ठरवतो. बांधायला कितीही खर्च आला तरी माणूस खिशात आहे तेवढंच देणार. आज या चाळी पाडून तिथं उंच इमारती होत आहेत आणि १६० फुटांच्या खोलीच्या जागी भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर मिळायचं ठरलं आहे. शंभर वर्षांपूर्वी जिथं कुणी राहायला तयार नव्हतं, तिथल्या जमिनीला आज सोन्याचं मोल आलं.

गोठलेलं भाडं आणि पागडी

दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा टंचाई आली. १९३९ मध्ये पुन्हा भाड्यावर बंधन आलं आणि १९४७ साली मुंबईचा मोठा भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण धरायचं, भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढायचं नाही, असा त्याचा गाभा. फाळणीनंतर निर्वासित येत होते, गरीब माणसाला रस्त्यावर येऊ द्यायचं नव्हतं. हेतू चांगला होता आणि लाखो कुटुंबांना त्याचा आधार झाला, हे मान्यच करायला हवं. कायदा ठरावीक मुदतीचा होता, पण मुदत पुन्हा पुन्हा वाढत राहिली. पन्नास वर्षं गेली तरी भाडं तिथंच.

समजा १९४० साली एका खोलीचं भाडं महिना ८ रुपये होतं. १९८० सालीही जवळपास तेवढंच. दरम्यान विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी किती पटीनं वाढली? मालकाला भाड्यातून छपराची कौलं बदलणंही परवडेना. मग त्यानं दुसरी वाट काढली. ती म्हणजे पागडी.

नवा भाडेकरू खोलीत येताना मालकाला एकरकमी मोठी रक्कम देणार, त्यानंतर महिन्याला किरकोळ भाडं. पुढं त्याला खोली सोडायची झाली तर तो तिसऱ्या माणसाकडून पागडी घेणार आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देणार. मालकाला भाड्यात जे मिळत नव्हतं ते तो असं वसूल करायचा. त्या कायद्याप्रमाणं पागडी घेणं गुन्हा होता. म्हणून पैसे रोख, कागदाशिवाय, विश्वासावर. हाती काय यायचं? फक्त भाड्याची पावती.

ही पागडी कुठून आली? कुणी बैल विकले, कुणी जमीन गहाण टाकली, कुणी बायकोच्या पाटल्या मोडल्या. बापाला वाटायचं आपण मुंबईत घर घेतलं. खरं म्हणजे घर मालकाचंच होतं. आपण घेतला होता तो राहायचा हक्क. त्याची किंमत होती, तो पुढं देता येत होता, पण जमीन आणि भिंती दुसऱ्याच्या.

पडत आलेली चाळ

मालकाला भाड्यात रस उरला नाही, म्हणून तो डागडुजी करेना. भाडेकरू म्हणे, घर माझं नाही, मी का खर्च करू? दोघांच्या मध्ये चाळ खचत गेली. १९६९ साली सरकारनं कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला आणि त्यासाठी मंडळ नेमलं. मुंबई शहरात अशा उपकराच्या इमारती होत्या १९,६४२. इतक्या इमारतींना मंडळ पुरं पडणं अवघडच. पावसाळा आला की जुनी इमारत पडल्याची बातमी अजूनही येते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भेंडीबाजारात एक जुनी इमारत कोसळली आणि तीसहून जास्त माणसं गेली.

१९७३ साली आणखी एक बदल झाला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लोक फक्त वापरायला म्हणून घेतलेल्या जागेत राहत होते, त्यांनाही कायद्यानं भाडेकरू ठरवलं. त्या लोकांना छप्पर मिळालं. पण ज्यांच्याकडं जास्तीचं घर होतं ते घाबरले. भाड्यानं दिलं तर परत मिळणार नाही, त्यापेक्षा कुलूप बरं, असं म्हणून कित्येक घरं बंद ठेवली गेली. टंचाई होतीच, ती आणखी वाढली.

शेवटी १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इतकी वर्षं गोठवून ठेवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग राज्याचा नवा भाडेनियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करायला मुभा मिळाली. भाडं ५० रुपये असेल तर वर्षानं ५२. पागडीची देवघेव मात्र कायदेशीर झाली. आणि भाड्याचा करार लेखी व नोंदणी केलेला असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, असं ठरलं.

पावतीवरचं नाव

आता ऐका, हा भाग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा.

भाडेकरू वारला तर खोली कुणाकडं जाते? कायद्याचं साधं सूत्र असं : मरणाच्या वेळी जो घरचा माणूस त्याच्याबरोबर त्या खोलीत राहत होता, त्याचा हक्क आधी. असा कुणी नसेल तर इतर वारस. एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवणार. बरोबर राहणाऱ्याला उघड्यावर टाकू नये म्हणून केलेला हा नियम. बायकांच्या विरुद्ध म्हणून कुणी तो लिहिला नव्हता.

पण आपल्या घरांकडं बघा. नवरा मुंबईला. खोलीत त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ कामाला राहिलेला. बायको गावात, शेतावर, सासूच्या उशाशी. तिनं पाटल्या मोडून पागडीला भर घातलेली. नवरा वारला. कायदा विचारतो, "खोलीत बरोबर कोण राहत होतं?" उत्तर येतं, "भाऊ." बाई हक्काच्या रांगेत मागं जाते, तेही तिनं कुटुंबासाठी गावात राहायचं कबूल केलं म्हणून.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला, पुष्कळ गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्याच नाहीत. हजारो माणसं गावी परतली. काहींनी खोल्या पागडीवर देऊन टाकल्या. तेव्हा सही कुणाची लागली? पावतीवरच्या माणसाची. गावातल्या बाईला पुष्कळदा खोली गेल्यावरच कळलं. नंतर त्याच गिरणगावात काचेचे मनोरे उभे राहिले. जे तग धरून राहिले आणि ज्यांची कागदपत्रं नीट होती, त्यांना पुनर्विकासात घर मिळालं. बाकीच्यांच्या हाती आठवणी.

मिळून घेतलेली खोली

एकट्याला जमत नव्हतं तिथं लोकांनी मिळूनही पैसा घातला. कोकणातल्या गावांनी मुंबईत गावकीच्या खोल्या घेतल्या. गावचा कुणीही चाकरमानी यावा, वळकटी टाकावी, महिन्याची वर्गणी द्यावी. दिवसपाळीची माणसं कामावर गेली की रातपाळीची त्याच जागेत झोपायची. गोव्याच्या लोकांच्या अशाच जागांना कूड म्हणतात. धोबीतलाव, माझगावच्या बाजूला गावागावांच्या कुडी होत्या. बोटीवर नोकरीला जाणारा खलाशी जहाज मिळेपर्यंत तिथं राहायचा. प्रत्येकाची एक पेटी, संध्याकाळी सर्वांची मिळून प्रार्थना.

किती मोठा आधार होता हा! आपल्या गटाचीच कल्पना, शंभर वर्षं आधीची. पण दोन गोष्टी नोंदवून ठेवू. एक, या जागा बाप्यांसाठीच होत्या, बाईला तिथं थारा नव्हता. दुसरी, गावकीच्या खोलीची पावती कुणातरी एकाच्याच नावावर असेल, तर वर्गणी पन्नास जणांनी भरली तरी कायद्याच्या नजरेत भाडेकरू तो एकटा.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. लोकांनी मिळूनच पैसे घातले, पण संस्था नोंदवली, सभासदांचे भाग लिहिले, नियम ठरवले. पुढं महाराष्ट्रभर गृहनिर्माण संस्था पसरल्या त्या याच वाटेनं. मिळून पैसा दोन्हीकडं होता. फरक नोंदणीचा.

आणि तिसरं उदाहरण आपल्या जवळचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या बायका सावकाराकडून भारी व्याजानं पैसे घेत होत्या. बँक दारात उभं करत नव्हती, कारण तारण ठेवायला त्यांच्या नावावर काही नव्हतं, खोलीसुद्धा नाही. गटानं एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेनं कर्ज दिलं. ज्या खोलीत त्या राबत होत्या ती तारण म्हणून उपयोगी पडली नाही. एकीचा शब्द उपयोगी पडला.

आता आपला हिशेब

मुलगा म्हणतो तो फ्लॅट कागदावर मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. मुंबईपासून लांबच्या उपनगरात ४० लाखांचं लहान घर. भाडं महिना ९,००० रुपये, वर्षाचं १,०८,०००. यातून सोसायटीचा देखभाल खर्च महिना १,५०० धरला तर १८,००० गेले. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं, ९,००० गेले. कर आणि किरकोळ दुरुस्ती ६,०००. हाती राहिले ७५,०००. चाळीस लाखांवर हे दोन टक्केही होत नाहीत. मुंबईत भाड्याचं उत्पन्न घराच्या किमतीच्या मानानं सर्वसाधारणपणे एवढंच तोकडं असतं. तेच पैसे सहा टक्क्यांनी ठेवीत ठेवले तर वर्षाला २,४०,०००. आणि तीस लाख कर्ज नऊ टक्क्यांनी काढलं असेल तर पहिल्या वर्षाचं व्याजच जवळपास २,७०,०००. म्हणजे भाड्यातून कर्ज फिटत नाही, महिन्याला खिशातून घालावे लागतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा.

मग लोक का घेतात? उद्या किंमत वाढेल या आशेवर. कधी वाढते, कधी कित्येक वर्षं तिथंच राहते. हे भाड्याचं उत्पन्न नव्हे, जमिनीच्या भावावर लावलेली पैज आहे. शेटजींना ती परवडली, कारण त्यांना थांबायला दम होता. ज्या घरात पुढच्या वर्षी लग्न आहे किंवा दवाखाना आहे, त्यांना थांबता येतं का, हे बघून ठरवायचं.

मुलाला तिथं राहायला घर हवंय, तर तो वेगळा विषय. राहण्याची गरज टक्क्यांत मोजत नाहीत. पण तेव्हाही चार गोष्टी विचाराव्या.

पहिली : ही जागा मालकीची, की पागडीची? "स्वस्तात मिळते" म्हणाले तर बहुधा पागडीची. मग मूळ मालक कोण, भाडेपावती कुणाच्या नावावर, इमारतीची अवस्था काय, हे बघा.

दुसरी : नवीन बांधकाम असेल तर प्रकल्प महारेरामध्ये नोंदलेला आहे का? २०१७ पासून ही नोंदणी आहे आणि तिचा क्रमांक जाहिरातीवर छापावा लागतो.

तिसरी : घर भाड्यानं द्यायचं असेल तर करार लेखी करा आणि नोंदवा. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी नको," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आपल्या राज्यात अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते.

चौथी : कागदावर नाव कुणाचं? शेत बाईच्या नावावरचं विकून घर घेतलं, तर घरावर तिचं नाव हवं. गटातून कर्ज ती काढते आणि हप्ता ती भरते, तर घरावर तिचं नाव हवं. स्त्रीच्या एकटीच्या नावावर राहतं घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांवर ते ४०,००० रुपये होतात. घरात हा विषय काढायला कचरत असाल, तर सुरुवात इथून करा. पैसे वाचतात म्हटल्यावर बाप्येमाणसंही कान देऊन ऐकतात.

आता एक काम देते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात मुंबईची जुनी खोली आहे, मग ती सासऱ्यांच्या नावची असो की आजेसासऱ्यांच्या, त्यांनी या महिन्यात भाडेपावती शोधा. शेवटची पावती कधीची, नाव कुणाचं, सध्या तिथं कोण राहतं, पुनर्विकासाचं पत्र आलं आहे का, एवढं एका कागदावर लिहा. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. ज्यांचं नाव त्यावर नसेल त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समितीकडं चौकशी करावी. महिलांना तिथं वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.